नदीपलीकडचं बाळंतपण

आमच्या लॅबला युरोपियन मॅनेजर येणार म्हणून दुबईतल्या अल क्वोजच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये नवीन एसी बसला. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण त्याच एसीसाठी मी तीन उन्हाळे अर्ज करत होते आणि दर वेळी मला "इन्शाल्ला, मॅडम" एवढंच उत्तर मिळत होतं. युरोपियन माणूस यायच्या चार दिवस आधी इन्शाल्लाचं यल्ला झालं, म्हणजे 'देवाची इच्छा'चं 'चला, उठा'. दोघे जण शिडी घेऊन आले आणि दुपारच्या जेवणापर्यंत एसी सुरू झाला.

मी काँक्रीट फोडते. साइटवर जे काँक्रीट ओततात त्यातलं थोडं लोखंडी साच्यात भरून चौकोनी ठोकळे करतात. त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. ते पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, काही सातव्या दिवशी आणि उरलेले अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली दाबून फोडायचे. किती दाबाला क्यूब फुटला यावरून ते काँक्रीट इमारतीच्या लायकीचं आहे की नाही ते ठरतं. चांगला क्यूब फुटला की चारी बाजू गळून पडतात आणि मधे डमरूचा आकार उरतो. एकोणीस वर्षं मी हे डमरू बघते आहे. आता मशीनच्या आवाजावरूनच मला कळतं, आकडा नंतर बघते.

आमच्या रिपोर्टवर दोन सह्या असतात. 'टेस्टेड बाय'समोर माझी आणि 'अप्रूव्ह्ड बाय'समोर मॅनेजरची. मागच्या सहा वर्षांत असे तीन मॅनेजर आले नि गेले. तिघेही गोरे, तिघेही स्वभावाने भले, आणि तिघांनाही टाकीतलं पाणी किती गार ठेवायचं ते मी शिकवलं. तिघांचा पगार माझ्या दुपटीपेक्षा जास्त होता. माझ्या व्हिसावर तर व्यवसाय म्हणून 'आर्काइव्ह क्लार्क' लिहिलं होतं. कंपनीकडे तेव्हा तोच एक कोटा शिल्लक होता म्हणे. म्हणजे सरकारदरबारी मी कागद लावणारी बाई, आणि प्रत्यक्षात माझ्या शब्दाशिवाय मजला वर चढत नव्हता. समजूनउमजून मी गप्प बसले होते. आपला नवरा अबूधाबीच्या साइटवर, मुलगी शारजात शिकते, आपल्याला भांडणं परवडत नाहीत, असं मी स्वतःला समजावत होते. समजावणं मला फारसं पटत नव्हतं, तरीही.

तर हा चौथा मॅनेजर आला. जनरल मॅनेजरसाहेब त्याला स्वतः घेऊन आले. "आवर न्यू लॅब मॅनेजर, फ्रॉम पोर्तुगाल," असं म्हणून त्यांनी सगळ्यांशी ओळख करून दिली. माणूस माझ्याएवढाच सावळा होता, पोट थोडं सुटलेलं, कपाळावर घाम. मी मनात म्हटलं, तिकडे ऊन बरंच पडत असणार. साहेब गेले. नव्या मॅनेजरने टाक्या पाहिल्या, मशीन पाहिलं, आणि मी जेवायला डबा उघडला तेव्हा तो टेबलापाशी थबकला.

"तिरफळां घालून बांगडो?" त्याने विचारलं. "तूं खंयची गो?"

माझा घास हातातच राहिला. "सावंतवाडीकडची," मी म्हटलं. "तुम्ही पोर्तुगालचे ना?"

"हय," तो म्हणाला. "दिवचलचो."

दिवचल म्हणजे डिचोली. गोव्यातली. आमच्या गावाहून एसटीने तासाभराचा रस्ता. मी इतक्या जोरात हसले की टाकीवरचा माणूस काय झालं म्हणून बघायला आला. नव्या मॅनेजरने ओठांवर बोट ठेवलं, पण हसू त्यालाही आवरत नव्हतं. लिस्बन पाहिलंय का असं मी विचारलं, तर म्हणाला, "इकरा दीस. थंडीन मेलों." या अकरा दिवसांसाठी आमच्याकडे एसी आला होता.

जेवताना त्याने सगळं सांगितलं. गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं त्या काळात तिथे जे जन्मले, त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो देश आजही आपलं म्हणतो. जन्माची जुनी नोंद काढायची, ती तिकडे लिस्बनच्या दफ्तरात चढवून घ्यायची, मग लाल पासपोर्ट. आपला निळा, भारताचा, मात्र परत द्यावा लागतो, दोन्ही ठेवता येत नाहीत. याच्या वडिलांचा जन्म तेव्हाचा. याने नोंद केली आणि त्याच पदवीवर, त्याच अनुभवावर इथे 'युरोपियन एक्सपर्ट' झाला. आधी तो शारजाच्या एका लॅबमध्ये माझ्यासारखाच क्यूब फोडत होता. हे सांगताना तो बांगड्याचा काटा काढत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मला त्याचा राग आला नाही. लाजणाऱ्या माणसावर रागावता येत नाही मला.

"तुझी आवय खंयची?" त्याने विचारलं.

आणि तिथून सगळं सुरू झालं.

माझी आई सावंतवाडी तालुक्यातल्या घरातली. तिचे वडील तिथले, शेती तिथली, तिचे दोन्ही भाऊ त्याच घरात जन्मले. पण आजीचं माहेर तेरेखोल नदीच्या पलीकडचं, गोव्यातल्या पेडण्याच्या बाजूचं. आणि आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. त्यात कुणी विचार करत नाही, सातवा महिना लागला की भाऊ येतो आणि बहिणीला घेऊन जातो. आजीला तिच्या भावाने होडीतून पलीकडे नेलं. आई तिकडे जन्मली. तिकडे जन्माची नोंद सक्तीची होती. नोंद न करणाऱ्याला दंड होई, म्हणून त्या मामाआजोबांनी धावत जाऊन ती केली. चार महिन्यांनी आजी बाळ घेऊन अलीकडे आली. नंतर हद्द आवळली, परवाने आले, पहारे आले, आणि पुढची दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली. आजीला काही वर्षं माहेरचं तोंड दिसलं नाही.

म्हणजे हिशेब असा, की घरात थोरली असलेली एकटी आई पोर्तुगालच्या राज्यात जन्मली होती, आणि दोन्ही मामा नाहीत. रीतीने नेलं म्हणून. होडीत बसून गेली आणि होडीत बसून आली म्हणून.

मी आईला फोन केला. मला वाटलं होतं ती मोडीत काढेल. माझे वडील गेल्यापासून ती आमच्या घरी एकटी राहते, सत्तरी ओलांडली आहे, आणि मी एकुलती असल्यामुळे तिचं ऐकून घ्यायला दुसरं कुणी नाही. पण तिने शांतपणे विचारलं, "कागद खय गावतलो?" पेडण्याला, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती पेडण्याला पोचलीसुद्धा. तिथे तिला सांगितलं, एवढ्या जुन्या वह्या इथे नसतात, चौकशी करून या. ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली. मग पणजीला पाठवलं, तिकडेही गेली. कुठल्याशा कारकुनाने तिला विचारलं, आजी, या वयात तुम्ही कशाला पोर्तुगीज होताय? ती त्याला म्हणाली, "मी जल्माक इलंय तां खोटां आसा काय?" हे तिने मला फोनवर तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा तेवढ्याच तोऱ्यात. थोरल्या मामाने तिला घाबरवलंही, की यावरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत, मतदारयादीतून नाव जाईल. आईने त्याचं ऐकून घेतलं आणि पुढची एसटी पकडली.

कागद मिळाला. आमच्या गावचा एक जण अल क्वोजच्या कामगारांच्या कॅम्पात राहतो, तो सुट्टीवरून परत येताना घेऊन आला. जाड कागद, त्यावर पोर्तुगीज अक्षरं, आणि त्या अक्षरांत आजी, आजोबा आणि आई. मला त्यातला एक शब्द वाचता येत नव्हता, तरी मी तो बराच वेळ हातात धरून बसले. दुबईतच ऊद मेथाला एक गोव्याच्या बाई अशा फाइली भरून देतात. त्यांनी सगळं तयार केलं. आधी आईच्या जन्माची नोंद होणार, मग त्याच्या आधाराने माझा अर्ज. आईने तिच्या भागावर गावाहून सही करून पाठवली होती. माझी तेवढी बाकी होती.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग आमच्या गोंयकार मॅनेजरला डब्लिनला नोकरी लागली. बायको-मुलांना घेऊन तो निघाला. जाताना भल्यासाठी म्हणून तो साहेबांना सांगून गेला, की तुम्हाला बाहेर शोधायची गरज नाही, आपल्या मॅडमचीच फाइल तयार आहे.

साहेबांनी मला वर बोलावलं. साहेब आपल्याच देशातले, पण बोलणं आमचं हिंदीत. त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम, ये तो बहुत अच्छा न्यूज है! पहले क्यूँ नहीं बताया? पासपोर्ट आने दो, चेअर आपकी. तब तक हम पोस्ट होल्ड करेंगे." आणि त्यांनी आकडाही सांगितला. बारा हजार दिरहॅम. म्हणजे पावणेतीन लाख, मी मनात म्हटलं. इथे राहून मनाला ती सवयच लागते.

"सर, काम क्या रहेगा?" मी विचारलं.

"काम तो वही, जो आप कर रही हो."

"सही?"

"दोनों आपकी."

"और मैं?"

"मतलब?"

"मतलब मैं भी तो वही रहूँगी ना, सर. फिर आज क्यूँ नहीं?"

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, मुलाच्या प्रश्नाला हसतात तसे हसले. "समझा करो, मॅडम. क्लायंट को युरोपियन फेस चाहिए."

"फेस तो यही रहेगा, सर."

"सीव्ही में नहीं दिखता ना," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

मी चहा प्यायले नाही. खाली येईपर्यंत माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. खोटं कशाला बोलू, पहिलं मिनिटभर मी त्या बारा हजारांचाच विचार केला. मुलीची फी, नवऱ्याला अबूधाबीहून परत बोलावणं, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण मशीनपाशी येऊन उभी राहिले तर अठ्ठाविसाव्या दिवसाचे सहा क्यूब रांगेत ठेवलेले होते. तेच क्यूब, तेच मशीन आणि तीच मी. एका लाल पुठ्ठ्याने माझा हात जास्त खरा होणार होता. उद्यापासून मी हुशार, कालपर्यंत कारकून. त्यात मला शिकवायला ज्यांना आणलं, त्यांना मी शिकवलं होतं. त्या दिवशी मी सहाही क्यूब फोडले, आकडे लिहिले, सही केली आणि वर निरोप पाठवला, की मी फाइल भरणार नाही.

हे सांगताना मला आजही बरं वाटतं, मग तेव्हा किती वाटलं असेल! लॅबमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. कॅम्पातल्या आमच्या गाववाल्याने "ताई, एकदम कडक" म्हणून मेसेज पाठवला. नवरा शनिवारी आला तेव्हा म्हणाला, "तुला जमत नसेल तर नको." मुलीने मात्र मान वर केली नाही. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते.

"यू'आर लेटिंग हिम डिसाइड, आई," ती म्हणाली.

"तो कोण ठरवणारा? मीच ठरवलं ना, नाही म्हणून?"

"एक्झॅक्टली," ती म्हणाली आणि हेडफोन लावले.

मला ते तेव्हा कळलं नाही. उद्धटपणा वाटला. इथल्या मुलांना स्वाभिमान म्हणजे काय ते कळत नाही, असं मी नवऱ्याला ऐकवलंसुद्धा. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आईला मी मुद्दाम शुक्रवारी सकाळी फोन केला. शारजात मुलीच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी असते, मीही रजा घेतली होती आणि मला निवांत सांगायचं होतं. मी सगळा प्रसंग रंगवून सांगितला. साहेबांचा चहा, फेस, सीव्ही, सहा क्यूब. मी फाइल थांबवली हेही सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, शाब्बास. पणजीच्या कारकुनाला उत्तर देणारी बाई ती, माझं उत्तर तिला आवडणारच, असं मी धरून चालले होते.

फोन लागलाय का म्हणून मी दोनदा "आई, आई" केलं.

"तो कागद मी तुझ्या सायबासाठी हाडूक नाय गो," ती म्हणाली.

"अगं पण..."

"आयक." आणि मग तिने जे सांगितलं ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. "आजो गेलो, तेवा तुझे मामा इले. ताई, सही कर म्हणाले. सगळ्यो भयणी करतत, तूय कर. तुझो बापूस बोललो, नको करू. मी केलंय. तालुक्याक नेल्यानी, साडी दिल्यानी, हाटेलात जेवूक घातल्यानी. घर तेंचां, बाग तेंची, जमीन तेंची. मी थोरली, पण मी भायली."

हक्कसोड. लग्न झालेल्या बहिणीने भावांसाठी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा कागद. आमच्याकडे त्याला कुणी अन्याय म्हणत नाही. चार माणसांत बहीण हसत सही करते, आणि जी करत नाही तिचं माहेर तुटतं. त्या कागदाबद्दल मी किती जणींच्या घरी ऐकलं होतं. माझ्या आईने केला असेल का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ती साडी कुठली, तेही मला माहीत नाही. नेसली असेल माझ्यासमोर कितीदा.

"माका माझ्या जल्माचां काय एक गावूक नाय," आई म्हणाली. "ह्यो एक कागद गावलो. तो मी तुका दिलंय. चार खेपा घालून दिलंय. आता तू तेच्यावरय हक्कसोड करतंस? आणि कोणासाठी, त्या सायबासाठी?"

मी खुर्ची ओढून बसले.

"नको आसात तर नको घेव," ती म्हणाली. "पण तेका इचारून नको सोडू."

फोन ठेवला आणि मी रडले. आईसाठी रडले, हे खरं. पण त्याहून जास्त मला माझी लाज वाटली. मी ज्याला बाणेदारपणा म्हणत होते त्यात आई कुठेच नव्हती. मी आणि साहेब, एवढेच दोघे होतो. त्यांनी हो म्हणवून घ्यायचं ठरवलं म्हणून मी नाही म्हटलं होतं. आईच्या वस्तूचा सौदा आम्ही दोघांनी तिला न विचारता केला होता. मामांनी निदान सही तरी तिच्याकडून घेतली होती.

मुलगी खोलीतून आली. माझा चेहरा बघून तिने पाणी आणून दिलं. "मी बरोबर बोलत होते ना," असं ती म्हणाली नाही. मी तिला हक्कसोड म्हणजे काय ते समजावलं. इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून सगळं सरळ मराठीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अँड आजी जस्ट साइन्ड?" मी म्हटलं, हो, आणि मीही तेच करायला निघाले होते.

रविवारी मी नवी शाई भरल्यासारखी ताजी उठले. माझं एक ठरलं होतं. आधी खुर्ची, मग पासपोर्ट. क्रम माझा. खुर्ची मिळवायची ती निळ्या पासपोर्टवर, म्हणजे पुढे कुणाच्या बापाची हिंमत होऊ नये असं म्हणायची, की हिला लिस्बनने मॅनेजर केलं.

सोमवारी मी वर जाऊन साहेबांना सांगितलं, "आज की तारीख में, इसी पासपोर्ट पे पोस्ट दीजिए. पूरा पगार मत दीजिए, पद दीजिए." त्यांनी कंपनीची पॉलिसी सांगितली. मी राजीनामा टेबलावर ठेवला. ते म्हणाले, मॅडम, सोच लो, थोड़े महीनों की बात है. मी म्हटलं, एकोणीस वर्षं सोचलंय, सर. हे मी मराठीत म्हटलं. त्यांना कळलं असावं.

नोटिसच्या महिन्यात मी दोनच गोष्टी केल्या. माझं काम चोख केलं, आणि नव्या माणसाला काहीही शिकवलं नाही. आला होता एक, कुठूनसा, चांगला उंच. "मॅडम, हाउ डू यू..." असं त्याने सुरू केलं की मी म्हणायची, "इट इज इन द मॅन्युअल, सर." मॅन्युअल मीच लिहिलं होतं, पण त्यावर माझं नाव नव्हतं, तेव्हा मला ते कसं माहीत असणार?

शारजा औद्योगिक क्षेत्रात, गॅरेजांच्या रांगेमागे, एक लहानशी लॅब आहे. मालक म्हातारा सुदानी इंजिनिअर. मी माझी फाइल पुढे केली, त्याने ती उघडलीही नाही. "यल्ला, पहले एक तोड़ के दिखाओ," म्हणाला. त्याच्या टाकीतून मी एक क्यूब काढला, पुसला, कडा तपासल्या, मशीनमध्ये मधोमध ठेवला. दाब चढत गेला. आवाज ऐकला आणि आकडा दिसायच्या आत मी तो तोंडाने सांगितला. अगदी तंतोतंत नाही, पण जवळपास. म्हाताऱ्याने डायल बघितली, डमरू हातात घेऊन उलटसुलट केलं. "खलास," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत 'ठरलं'. "सोमवार से आओ." पगार आधीपेक्षा थोडाच जास्त. एसी जुना, खडखडतो. पण रिपोर्टवर 'अप्रूव्ह्ड बाय'समोर माझी सही जाते, आणि व्हिसावर आता आर्काइव्ह क्लार्क नाही.

पहिल्या महिन्याचे रिपोर्ट सह्या करून पाठवले, त्याच आठवड्यात मी ऊद मेथाला गेले आणि त्या बाईंसमोर फाइलवर सही केली. मुलगी बरोबर होती. अर्जात व्यवसायाचा रकाना होता, तो भरताना मी वेळ लावला, तर ती म्हणाली, "आई, जस्ट राइट इट." मी लिहिलं, लॅब मॅनेजर. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत.

निळा पासपोर्ट परत द्यायचा दिवस अजून आलेला नाही. तो येईल. त्या दिवशी मी काउंटरवर रडेन, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला त्यावरून चिडवायला नको. कॅम्पातला आमचा गाववाला मला हल्ली "पोर्तुगीज ताई" म्हणतो. म्हणू दे. इथल्या महाराष्ट्र मंडळात एक गृहस्थ आहेत, त्यांनी मला देशप्रेमावर ऐकवलं. त्यांच्या दोन्ही मुलांच्या हातात कॅनडाचे पासपोर्ट आहेत. मी त्यांना एवढंच विचारलं, की तुमच्या बहिणीच्या नावावर काय आहे? तेव्हापासून ते मला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. जुने साहेबही मधे फोन करून गेले. "मॅडम, पासपोर्ट का क्या हुआ? चेअर अभी भी..." मी म्हटलं, "पासपोर्ट आ रहा है, सर. मैं नहीं आ रही."

गेल्या महिन्यात आईच्या जन्माची नोंद तिकडे चढल्याचा कागद आला. मी त्याचा फोटो तिला पाठवला. तिने तो शेजारच्या मुलीकडून मोठा करून घेतला, आणि गावात बातमी पसरायला तेवढं पुरतं. दोन दिवसांनी तिचा फोन आला. थोरला मामा येऊन गेला होता. तोच, ज्याने कोर्टाची भीती घातली होती. नव्या चपला, हातात पिशवी, पिशवीत बागेतले आंबे. त्याच बागेतले.

"ताई, माझ्या झिलांचां काय जमात काय?" त्याने आपल्या मुलांसाठी विचारलं म्हणे. "तुझ्या कागदावर?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"आंबे घेतलंय. चाय दिलंय," आई म्हणाली. "आणि सांगितलंय, तुमी घरात जल्मलास रे. घरातलां सगळां तुमका गावलां. ह्यां माझां."